आठवड्याला एक नाव

परवा पहाटे फोन वाजला. डोळे चोळत बघितलं तर निरोप, आणि निरोपाखाली हात जोडल्याची दोन चित्रं. "उदगीर जिल्हा होणार! नवा जिल्हा, नव्या संधी! आपल्या गटाची नवी शाखा लवकरच. एका धंद्याला एकच खुर्ची. जुन्या सदस्यांना खास आमंत्रण." मी अंथरुणात उठून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "मेल्यांनो!" शेजारी आमचे हे दचकून उठले. त्यांना वाटलं नळाला पाणी आलं. बादली घेऊन अर्ध्या अंगणापर्यंत गेलेसुद्धा बिचारे.

उदगीर जिल्हा होणार, हे मी इतकी वर्षं ऐकतेय की आता ते ऐकून माझा हात पोळपाटावरून हलत नाही. पण नव्या जिल्ह्याला मी नावं ठेवणार नाही. मी लहान असताना आमचा जिल्हा उस्मानाबाद होता. एका कागदासाठी बाबा दोन एसट्या बदलून जायचे आणि साहेब जागेवर नाहीत म्हणून तसेच परत यायचे. मग लातूर जिल्हा झाला. बाबांनी त्या दिवशी वाडीत पेढे वाटले होते. पुढं लातुरात कचेऱ्या आल्या, कॉलेजं आली, शिकवण्या आल्या, शिकवण्यांच्या मागं नांदेड-किनवटपासूनची पोरं आली आणि त्या पोरांच्या पोटामागं माझी खानावळ आली. जिल्हा झाला नसता तर मीही आज कुठंतरी दुसऱ्याच्या चुलीपुढं असते. म्हणून राग जिल्ह्यावर नाही. जिल्हा अजून कुठं आहे याचा पत्ता नाही आणि ह्यांनी खुर्च्या मांडायला घेतल्या, त्यावर आहे. आमच्या त्या गटाचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तीसुद्धा त्यांची जाहिरातच व्हायची.

शिवरात्र सरली की मला ते वर्ष आठवायला लागतं. आठवायला लागतं म्हणजे आधी ऐकू यायला लागतं. लातुरात उन्हाळा पहिल्यांदा कानाला कळतो. रिकामा ड्रम सिमेंटवरून ओढत नेल्याचा आवाज, मग त्याच्यामागं दुसरा, मग गल्लीच्या तोंडाशी टँकरचा लांबलचक हॉर्न. त्या वर्षी मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि नळाला पाणी इतक्या दिवसांनी यायचं की आज आमची पाळी की पलीकडच्या गल्लीची यावरून बायका हातघाईवर यायच्या. लोकांनी दारातले निळे ड्रम साखळीनं फाटकाला बांधून कुलपं घातली होती. घराला कुलूप नसलं तरी चाले. रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लोक इस्त्रीचे कपडे घालून बघायला गेले होते, मीही गेले होते. रेल्वेच्या डब्यांखाली चार थेंब गळत होते आणि त्या थेंबांखाली एकानं तांब्या धरला होता.

माझ्याकडं तेव्हा चाळीस पोरं-पोरी जेवायला होत्या. आधी मी ताटं बंद केली, कारण घासायला पाणी नव्हतं. कागदी पत्रावळ्या आणल्या. मग रस्सा पातळ करायचं सोडून सुक्या भाज्या सुरू केल्या. मग क्लासवाल्यांनीच सुट्ट्या दिल्या. एकेक पोरगी डबा परत करायला यायची, वाकून नमस्कार करायची, "काकू, पुढच्या वर्षी येते," म्हणायची. मी "ये गं बाई" म्हणायचे आणि आत जाऊन कणकेच्या डब्यावर हात आपटायचे. शेवटी अकरा उरली. अकरा पोरांवर खानावळ चालत नाही. घर चालतं कसंबसं.

समोर तबस्सुम आपांचं शिवणकामाचं दुकान. ब्लाउज आणि शाळांचे गणवेश शिवायच्या. एक दिवस त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "महानंदा, ऐसा रडत बसून काय होतं? माझ्यासंगं चल गुरुवारी. सकाळी नाष्टा करायचा, एक मिनिट बोलायचं, आपला धंदा सांगायचा. लोकं कामं देतात गं. मेरेकू दोन शाळा मिळाल्या बघ."

गेले. आणि उगाच खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला ते फार आवडलं. हॉटेलच्या गार हॉलमध्ये पांढरी चादर घातलेली टेबलं, तीसेक माणसं, प्रत्येकासमोर पाण्याची छोटी बाटली. बाहेर अख्खं गाव ड्रम ओढतंय आणि इथं अर्ध्या प्यालेल्या बाटल्या टेबलावर तशाच. ते मला त्या दिवशी दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की दाताचे डॉक्टर, टाइल्सवाले, छापखानेवाले अशी इस्त्रीची माणसं मला "या ताई, बसा" म्हणतायत. एका धंद्याला एकच खुर्ची हा नियम. दाताचा डॉक्टर एकच, फरशीवाला एकच आणि खानावळवाली म्हणून एकटी मी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावानं कुणी खुर्ची राखून ठेवली होती.

अध्यक्ष होते गिरीश सर. विम्याचं काम करायचे. त्यांनी मला बाजूला घेऊन शिकवलं, "ताई, खानावळ म्हणायचं नाही. फूड सर्व्हिस म्हणायचं." मी घरी आरशापुढं उभी राहून सराव केला. "नमस्कार, मी महानंदा, माझी फूड सर्व्हिस." आमचे हे पोट धरून हसले. म्हणाले, "मग मी कोण? फूड सर्व्हिसचा गडी?" एक मिनिट झालं की पितळी घंटा वाजायची. घंटा वाजली की वाक्य कुठंही असो, बसायचं. आणि जो कुणी बोलेल, जे काही बोलेल, त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. हाही नियमच.

कामं मिळाली, हे सांगितलं पाहिजे. एका शोरूमच्या उद्घाटनाचा नाष्टा मिळाला. एका कचेरीचे वीस डबे मिळाले. छापखानेवाल्यांच्या घरचं केळवण मिळालं. माणूस माणसाला भेटल्यानं धंदा वाढतो हे काही त्या गटानं शोधून काढलेलं नाही. आमच्या वाडीतल्या सोमवारच्या भजनातही हेच होतं. टाळ खाली ठेवता ठेवता कोण म्हणतं, बैल बघतोय, आणि कोण म्हणतं, अमक्याकडं आहे बघ. फरक एवढाच, की भजनात कुणी घंटा वाजवत नाही आणि नाव सांगितलं नाही म्हणून कुणाला उभं करत नाही.

कारण गटात उभं करायचे. प्रत्येकाला एक गुलाबी चिठ्ठी मिळायची. दर आठवड्याला तुम्ही एक नाव आणायचं, म्हणजे तुमच्या ओळखीचा असा माणूस, ज्याला गटातल्या कुणाच्या तरी धंद्याची गरज आहे. नाव आणलं नाही तर उठून सगळ्यांसमोर म्हणायचं, "या आठवड्यात मी गटाला काहीही देऊ शकले नाही." असं लागोपाठ तीनदा झालं की तुमच्या खुर्चीचा विचार केला जायचा.

आता माझ्या ओळखी त्या काय? पोरांचे आईबाप, भाजीवाली, गॅसवाला. पहिल्या महिन्यातच सगळे संपले. मग मी शोधायला लागले. एकदा जेवताना एक पोरगा गालाला हात लावून बसला होता. "काकू, दाढ ठणकायलीय," म्हणाला आणि मला चक्क आनंद झाला. दाढ, म्हणजे दाताच्या डॉक्टरांना एक चिठ्ठी! त्या लेकराला लवंग द्यायची सोडून मी आधी गुलाबी कागद शोधला. शेजारच्या मावशींचं न्हाणीघर गळायला लागलं की माझं मन टाइल्सवाल्यांकडं धावायचं. माणूस दिसला की तो कसा आहे हे विचारायच्या आधी तो कुणाच्या कामाचा आहे हे मनात यायचं. हा रोग मला त्या तीन महिन्यांत जडला. आजही कधीकधी उचल खातो आणि मग माझा मलाच संताप येतो.

मग लागोपाठ दोन गुरुवार माझे हात रिकामे गेले. दोनदा उभी राहून मी ते वाक्य म्हटलं. दुसऱ्यांदा टाळ्या वाजल्या तेव्हा कानशिलं तापली. नाष्ट्याच्या वेळी गिरीश सर गोड आवाजात म्हणाले, "ताई, प्रेशर घेऊ नका. पण एक भोजनालयवाले फार दिवस विचारतायत, तुमची जागा रिकामी होईल का म्हणून."

त्याच आठवड्यात वाडीच्या महादेवाची जत्रा होती, म्हणून मी माहेरी गेले.

माझं माहेर देवणीच्या अलीकडं, चाळीसेक उंबऱ्यांची वाडी. तिथं माझा मोठा भाऊ बसवण्णा. मी त्याला अण्णा म्हणते. तो मला आक्का म्हणतो, मी धाकटी असूनही, कारण आमच्याकडं घरच्या लेकीला सगळेच आक्का म्हणतात. अण्णा बोलायला अगदी कमी. जनावराशी बोलतो, माणसाशी कामापुरतं. दावणीला देवणी बैलांची जोडी होती आणि ती इतकी देखणी, की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरून बघायचा. आणि मळ्यात बाबांनी खोदलेली विहीर. मोठ्या दुष्काळातसुद्धा ती आटली नव्हती, असं बाबा सांगायचे. वाडीचा हातपंप फेब्रुवारीतच कोरडा पडला होता. सकाळ-संध्याकाळ सगळ्या बायका अण्णाच्या विहिरीवर यायच्या. वहिनी काठावर उभी राहून बघायची, म्हाताऱ्या आधी, बाळंतिणीच्या घरचं आधी. भांडण नाही, कुलूप नाही. मी काठावर बसून पायऱ्या मोजल्या. नऊ उघड्या होत्या, बाकीच्या पाण्यात. लातूरहून आलेल्या माणसाला ते पाणी बघत बसावंसंच वाटायचं. हिरवट, थंड, मधूनच एखादा मासा फिरकायचा.

आणि परतीच्या एसटीत, मांडीवर पर्स ठेवून, त्या पर्सवर गुलाबी चिठ्ठी ठेवून मी अण्णाचं नाव लिहिलं.

कुणी मला सांगितलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. माझ्या हातानं, शुद्ध अक्षरात लिहिलं. गटात संजयभाऊ होते, टँकरवाले. चार टँकर, वर जारच्या पाण्याचा कारखाना. मला वाटलं, अण्णा दोन-चार टँकर पाणी विकेल, त्याच्याही हाताला काही लागेल, माझा गुरुवारही निघेल. सगळ्यांचं भलं. असा सगळ्यांच्या भल्याचा विचार करताना मी ज्याचं पाणी त्याला एक शब्द विचारला नाही. विचारायचं सुचलंच नाही, असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. तेही खरं नाही. सुचलं होतं. पण अण्णा नाही म्हणाला असता तर चिठ्ठी कोरी राहिली असती.

गुरुवारी गिरीश सरांनी ती वाचली. "देवणीकडे भावाच्या मळ्यात विहीर. पाणी भरपूर." हॉलमध्ये अशा टाळ्या वाजल्या, की वाढपी आत डोकावून गेला. संजयभाऊ जागेवर उठून उभे राहिले आणि त्यांनी मला हात जोडले. "याला म्हणतात नाव!" गिरीश सर म्हणाले. मी लाजले, अक्षरशः पदर सारखा केला. आठवलं की आजही वाटतं, त्या पदराची चिंधी करावी.

देवणीपासून लातूरपर्यंत पाणी कोण आणतं, असं आज कुणी विचारील. त्या वर्षी आणायचे. उदगीरला टाकायचे, वाटेतल्या लग्नांना टाकायचे, लातूरला आणायचे. पुढच्याच सोमवारी न सांगता माझ्या दारात टँकर उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊंनी सांगितलंय, आपल्या माणसाला आधी." मी हौद भरून घेतला. पत्रावळ्या बंद करून पुन्हा ताटं काढली. गुरुवारच्या माझ्या मिनिटात मी गटाचे आभार मानले, "आपल्यासारखी माणसं असल्यावर दुष्काळाची काय भीती!" आता विचार करते तर वाटतं, ती ताटं मी कुणाच्या पाण्यानं घासत होते ते मला का कळलं नाही? ड्रायव्हरला एकदा तरी विचारायचं, बाबा, कुठून आणलंस? नाही विचारलं. दारात आलेल्या पाण्याला तेव्हा लातुरात कुणीच ते विचारत नव्हतं.

महिनाअखेर नांदेडला मोठा मेळावा झाला, तिथली शाखा आणि आमची शाखा मिळून. नांदेडलाही टंचाई होतीच, पण गोदावरीच्या काठचं गाव ते, आणि हॉटेल मोठं. व्यासपीठावर बोलावून मला काचेची एक बाहुली दिली, महिन्यातलं सर्वोत्तम नाव दिल्याबद्दल. फोटो झाला. मग मी हात धुवायला गेले. तोटी फिरवली आणि बोटाएवढी धार लागली. मी बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात त्या धारेखाली धरून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. अण्णा होता. अण्णा कधी आपणहून फोन करत नाही.

"आक्का, कामात हायस का?"

"नाही रे, बोल."

"काई न्हाई. तुज्या त्या भाऊला धा-बारा दिस थांबाया सांगशील का? तुला जड जात आसंल तर ऱ्हाऊ दे. हिरीत गाळ यायलाय म्हनून म्हनलं."

मी तोटी बंद केली. "किती टँकर नेतात अण्णा?"

"पैल्यांदा येक न्यायचा. आता दिसा तीन आन् राती दोन. मी म्हनलं त्येला, भाऊ, वाडीपुरतं ठिवा. तर म्हनला, आक्काची खुर्ची हाय तिथं माज्या शब्दावर. मंग मी गप बसलो."

"आणि पैसे? पैसे देतो का तुला?"

अण्णाला तो प्रश्नच विचित्र वाटला. "तू पाठवल्याला मानूस. त्येच्याकडून पैसं घ्यावं व्हय?"

आमच्या घरची ही रीत बाहेरच्याला सांगून कळायची नाही. लेकीनं सासरगावाहून पाठवलेला माणूस म्हणजे लेकीची अब्रू. तो पहिल्यांदा आला तेव्हा अण्णानं त्याला ओसरीवर घोंगडी टाकली होती, वहिनीनं पुरण घातलं होतं, जाताना टोपी-उपरणं दिलं होतं. आणि संजयभाऊंनी टोपी घालून घेतली, पुरणपोळी खाल्ली आणि विहिरीवरची मोटार सुरू केली. त्यांना ही रीत चांगली ठाऊक होती. ते काही परदेशातून आले नव्हते. आपल्याच मातीतला माणूस आपल्याच रीतीचा असा दोर करतो, हा राग माझ्या मनातून इतक्या वर्षांत इंचभर कमी झालेला नाही.

मी नांदेडहून लातूरला आलेच नाही. तशीच उदगीरची गाडी धरली, तिथून वाडी. मळ्यात शिरले तर कोथिंबिरीच्या वाफ्यावरून मांडीएवढा पाइप गेलेला. टँकरच्या चाकांनी बांध फुटलेला. विहिरीत उतरायच्या सगळ्या पायऱ्या उघड्या, तळापर्यंत, आणि तळाला दोन बायका वाटीनं घागर भरत होत्या. वाटी बुडत नव्हती, तिरपी धरून खरवडावी लागत होती. वर शेजारची शांताबाई पाळीची वाट बघत बसली होती. तिनं मला बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आक्का, तुमचा टँकर आज हाय का उद्या?"

तुमचा टँकर. तिच्या मनात काही नव्हतं. टोमणा असता तर मी सहन केला असता.

दावण रिकामी होती. बैलजोडी अण्णानं कर्नाटकातल्या सोयऱ्याकडं नेऊन बांधली होती. वहिनीनं नेहमीसारखा पाण्याचा तांब्या पुढं केला. मी नको म्हणाले तर तिचा हात तसाच पुढं. शेवटी प्याले. पाण्याला चिखलाचा वास होता आणि तांब्या घासून लख्ख केलेला होता.

तिथूनच संजयभाऊंना फोन लावला. ते अगदी शांत. "ताई, नाव तुम्हीच दिलंत. तुमचे बंधू एकदा तरी नाही म्हणाले का? विचारा त्यांना. मग माझी चूक काय?" मी फोन ठेवला, मोटारीच्या पेटीपाशी गेले, फ्यूज उपसला आणि वहिनीच्या हातात दिला. म्हटलं, हा आता कुणालाही द्यायचा नाही, मी मागितला तरी नाही. अण्णा मागून म्हणत होता, "आगं आक्का, आसं करू नगंस. तुजं तिथं वंगाळ व्हईल." मी त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी गटात गेले. आपांनी माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. माझं मिनिट आलं. मी उभी राहिले आणि फूड सर्व्हिस वगैरे काही म्हटलं नाही.

"मी महानंदा. माझी खानावळ आहे. मागच्या महिन्यात ह्या गटानं मला काचेची बाहुली दिली, कारण मी माझ्या भावाची विहीर तुम्हाला दिली. ती माझी नव्हती. चाळीस घरं तिच्यावर पीत होती. तुमच्यातल्या एकानं माझं नाव पुढं करून ती तळापर्यंत उपसली. भाऊ नाही म्हणाला नाही, कारण त्याला सांगितलं, नाही म्हणालास तर बहिणीचा धंदा जाईल. आज तिथल्या बायका वाटीनं चिखल गाळतायत. मी इथं तुमची पाण्याची बाटली पिते आणि मला लाज वाटते. तुम्हाला कुणाला वाटते का, एवढंच मला—"

घंटा वाजली. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी, नियमाप्रमाणे. टाइल्सवाल्यांनी, दाताच्या डॉक्टरांनी, संजयभाऊंनीसुद्धा. एकट्या तबस्सुम आपांचे हात टेबलाखाली होते. गिरीश सर म्हणाले, "फारच भावनिक. धन्यवाद ताई. पुढचे?" आणि छापखानेवाले उभे राहून लग्नपत्रिकांवरची सवलत सांगायला लागले.

लोक मला म्हणतात, इतक्या वर्षांनी कशाला कढत बसतेस, पाऊस पडला, विहीर भरली, संपलं. मला सांगा, त्या दिवशी कुणी माझ्याशी भांडलं असतं, खोटं बोलतेस म्हणालं असतं, तर मी कधीच विसरले असते. टाळ्यांचं काय करायचं? टाळ्यांना उलटून काय बोलायचं? मी खुर्ची मागं सारली आणि बाहेर पडले. आपा आल्या नाहीत. त्यांना दोन शाळांचे गणवेश अजून द्यायचे होते, घरी तिघी पोरी होत्या. संध्याकाळी त्या माझ्या ओट्यावर येऊन नुसत्या बसल्या. मी चहा दिला. महिन्याभरात माझ्या खुर्चीवर ते भोजनालयवाले आले आणि कचेरीचे वीस डबेही त्यांच्याकडं गेले. मी अकरा पोरांना पुन्हा पत्रावळीवर वाढायला लागले.

मृग बरा गेला. जूनच्या शेवटी शिकवण्या सुरू झाल्या आणि एका सकाळी दारात दोन पोरं, पाठीवर पिशव्या, सोबत एकाची आई. "बसवण्णा मामांनी पाठवलंय. म्हणले, आक्काकडंच जेवायचं." मला वाटलं असेल अण्णाचा कुणी पावणा. दुसऱ्या दिवशी वलांडीची एक पोरगी. मग तिघं देवणीची. मग निलंग्याचं एक, ज्याचा बाप अण्णाला गुरांच्या बाजारात फक्त एकदा भेटला होता. प्रत्येकाच्या तोंडी तेच, बसवण्णा मामा, बसवण्णा काका. पंधरा दिवसांत माझ्याकडं पुन्हा पस्तीस पानं उठायला लागली. चिठ्ठी नाही, घंटा नाही, बाटलीतलं पाणी नाही. आणि पाठवणारा कोण, तर ज्याच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघत नाहीत असा माणूस.

नागपंचमीला माहेरी गेले तेव्हा वहिनीनं सांगितलं. अण्णा म्हणे गावोगाव हिंडत होता. दहावी पास झालेलं पोर कुणाच्या घरी आहे ते विचारत होता. लग्नात पंगतीला बसला की शेजारच्या अनोळखी माणसाला आपणहून सांगायचा, लातूरला माझ्या बहिणीची खानावळ आहे. जनावरांच्या दवाखान्यात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर. "बोलताना नुसता घामाघूम हुतेत," वहिनी म्हणाली, "पर सोडीनात."

अण्णा विहिरीच्या काठावर फुटलेला बांध घालत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अण्णा, हे कशाला करतोस रे?"

तो खोरं टेकवून उभा राहिला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुजी खुर्ची गेली म्हनं. त्यो भाऊ सांगून गेला हितं येऊन. माज्यापायी गेली. मी तवा फोन कराया नको व्हता आक्का. आनखी चार दिस कळ काढली आसती तर पाऊस आलाच व्हता."

मग मी ओरडले. आयुष्यात अण्णावर इतकी कधी ओरडले नव्हते. अख्ख्या वाडीला ऐकू गेलं असेल. अरे वेड्या, चूक माझी, नाव मी लिहिलं, तुला न विचारता लिहिलं, ती खुर्ची मी लाथाडून आले, तुझ्यामुळं काहीही गेलेलं नाही, समजतंय का तुला? मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, त्यांचा, माझा आणि ह्या माणसाच्या चांगुलपणाचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हातातला चिखल पुसत, माझी समजूत काढावी तसा हळू आवाजात म्हणाला,

"बरं बरं. पर खुर्ची परत देत आसतील, तर इचार त्यास्नी. हिरीला आता पानी हाय."